गाणे ऐका, पण थेंब चुकवू नका

आपल्या सोलापूर जिल्ह्यात गाण्याची आवड कोणाला नाही? पंढरपूरची वाट टाळमृदंगाने दुमदुमते. एकादशीला देवळात भजन होते. लग्नात सनई वाजते. शेतात भांगलणाऱ्या बायकासुद्धा गाणे म्हणतात. दिवसभर राबून दमलेला माणूस घटकाभर गाणे ऐकतो आणि त्याचे मन हलके होते.

हे सारे खरे आहे. पण अलीकडे एक नवीच गोष्ट कानावर येते. घरोघरी फोन आले आहेत. फोनवर कोणी तरी ऐकवतो, "हे संगीत रोज अर्धा तास ऐका. डोळ्यांतला दाब उतरेल. काचबिंदू बरा होईल. थेंबांची गरज उरणार नाही."

ज्याला काचबिंदू आहे, त्याला हे ऐकून बरे वाटते. रोज थेंब घालायचा कंटाळा आलेला असतो. बाटलीला पैसे पडतात. तो म्हणतो, "झालं की मग! गाणं तर फुकट हाय. थेंब कशाला घालायचं?"

मंडळी, इथेच जरा थांबा. गाण्याचा उपयोग आहे. तो किती आहे आणि कोठे संपतो, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. कारण यात चूक झाली, तर गेलेली नजर परत मिळत नाही.

डोळ्यातले पाणी आणि त्याची वाट

आधी काचबिंदू म्हणजे काय, ते पाहू.

आपला डोळा म्हणजे एक लहानसा गोळा. त्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी असते. रडताना येते ते हे पाणी नव्हे. ते बाहेरचे. हे आतले. डोळ्याच्या आतल्या भागांना हे पाणी पोसते. ते आत सारखे तयार होते आणि बारीक वाटेने सारखे बाहेर निघून रक्तात मिसळते. दर दीड-दोन तासांनी जुने पाणी जाऊन नवे येते.

आता न्हाणीतली मोरी आठवा. वरून पाणी पडते आणि मोरीतून निघून जाते. मोरी तुंबली की काय होते? पाणी साठते. डोळ्याचेही तसेच होते. बाहेर जायची वाट चोंदली, की आत पाणी साठते. पण डोळा चारी बाजूंनी बंद आहे. पाणी उतू जाऊ शकत नाही. मग आतला दाब वाढतो.

हा दाब डॉक्टर यंत्राने मोजतात. बहुतेक निरोगी माणसांचा दाब १० ते २१ असतो. रक्तदाब जसा पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, तसाच हाही मोजतात.

डोळ्याच्या मागे एक शीर असते. डोळ्याने पाहिलेले ती मेंदूकडे नेते. वाढलेल्या दाबाने ही शीर हळूहळू झिजते. शीर झिजणे म्हणजे काचबिंदू. काही माणसांचा दाब २१ च्या आत असतो, तरी त्यांची शीर झिजते. म्हणून डॉक्टर नुसता दाब मोजून थांबत नाहीत. डोळ्यात औषध घालून बाहुली मोठी करतात आणि आतली शीरही पाहतात.

कडेचे धागे आधी तुटतात

सोलापूरचा माणूस माग ओळखतो. मागावर ताणा लावलेला असतो. त्यात शेकडो धागे असतात. डोळ्याच्या शिरेतही असेच बारीक धागे आहेत. थोडेथोडके नव्हेत. एका डोळ्याच्या शिरेत सुमारे १० लाख धागे असतात.

काचबिंदूत हे धागे एकेक करून तुटत जातात. बहुतेक वेळा आधी कडेची नजर जाते. समोरचे नीट दिसत राहते. माणूस सुईत दोरा ओवतो, पैसे मोजतो, वाचतो. त्याला वाटते, आपली नजर ठणठणीत आहे. पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा लागतो. बाजूला बांधलेल्या शेळीच्या दोरीला पाय अडकतो. घरचे म्हणतात, "म्हातारपण आलं." तोही तेच मानतो.

दुखत नाही. खुपत नाही. डोळा लालही होत नाही. म्हणून बहुतेकांना कित्येक वर्षे काही कळतच नाही. कळते तेव्हा समोरची नजरही जाऊ लागलेली असते.

मागावरचा धागा तुटला, तर विणकर गाठ मारतो आणि पुढे विणतो. डोळ्याच्या शिरेला अशी गाठ मारता येत नाही. तुटलेला धागा तुटलाच. हे वाक्य नीट ध्यानात ठेवा. पुढचे सारे त्यावरच आहे.

२०१० साली एक अंदाज छापून आला. त्याप्रमाणे आपल्या देशात ४० वर्षांवरच्या सुमारे १ कोटी १२ लाख माणसांना काचबिंदू होता. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याला हा रोग आहे, हेच ठाऊक नव्हते.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

दोन्ही नावांत बिंदू आहे. म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. डॉक्टर ते भिंग काढतात व नवे बसवतात. बाकी डोळा चांगला असला, तर माणसाला पुन्हा दिसू लागते. आपल्या गावात शिबिर झाले असेल, तर तुम्ही अशी माणसे पाहिली असतील.

काचबिंदूत भिंग बिघडत नाही. मागची शीर बिघडते. शीर बदलता येत नाही. म्हणून "मोतीबिंदूसारखा पिकू दे, मग कापून काढू" असे काचबिंदूत म्हणू नये. वाट पाहिली, तर शीर झिजत राहते.

थेंब काय करतात?

मग काचबिंदूवर उपाय काय? दाब कमी करायचा. शिरेवरचा ताण कमी केला, की उरलेले धागे वाचतात.

त्यासाठी बहुतेकांना थेंब देतात. काही थेंबांनी आत पाणी कमी तयार होते. काही थेंबांनी पाणी बाहेर जाण्याची वाट मोकळी होते. कोणाला लेसरचे किरण देतात. कोणाची शस्त्रक्रिया करून पाण्याला नवी वाट काढून देतात. कोणाला काय द्यायचे, ते डॉक्टर तपासून ठरवतात.

एखादी आजी म्हणते, "तीन महिने झाले थेंब घालते. नजर काही वाढली नाही. मग घालून उपयोग काय?"

आजीबाई, थेंब नजर वाढवत नाहीत. आहे ती राखतात. पिकाला कुंपण घातले, म्हणून कणीस मोठे होत नाही. पण गुरे आत शिरत नाहीत. कुंपण काढले, तर एका रात्रीत पीक फस्त होते. डोळ्याचे पीक एका रात्रीत जात नाही, पण रोज थोडे थोडे जाते. आणि जाताना आवाज करत नाही.

म्हणून थेंब रोज घालायचे. वेळेवर घालायचे. बहुतेकांना जन्मभर घालायचे.

मग गाणे काय करते?

आता गाण्याकडे येऊ.

माणूस घाबरला, चिडला किंवा फार काळजीत पडला, की त्याच्या शरीरात काही रस जास्त सुटतात. छाती धडधडते. रक्तदाब वाढतो. झोप उडते. या रसांपैकी एकाचे नाव कॉर्टिसॉल. हा रस शरीरात थोडा असायलाच हवा. पण सततच्या काळजीने तो जास्त राहिला, तर त्रास होतो.

डोळ्याशी याचा काय संबंध? स्टिरॉईड नावाची औषधे तुम्ही ऐकली असतील. स्टिरॉईडचे थेंब बरेच दिवस घातले, तर काही माणसांच्या डोळ्यांतला दाब वाढतो. हे डॉक्टरांना पक्के ठाऊक आहे. कॉर्टिसॉल हे शरीराने स्वतःच बनवलेले स्टिरॉईडच आहे. म्हणून काळजी आणि डोळ्यांतला दाब यांचा काही संबंध असावा, असे डॉक्टरांना वाटले.

शांत संगीताने मन निवते. श्वास संथ होतो. छातीची धडधड कमी होते. मग डोळ्यांतला दाबही उतरेल का, असा प्रश्न निघाला. प्रश्न योग्य होता. त्यावर प्रयोगही झाले.

प्रयोग काय सांगतात?

जर्मनीत मारबुर्ग नावाचे गाव आहे. तेथील नेत्रवैद्यांनी काचबिंदूच्या रुग्णांना कानाला यंत्र लावून शांत संगीत ऐकवले. रुग्णांच्या मनावर व शरीरावर काय फरक पडतो, ते पाहिले. हा प्रयोग २०१५ साली छापला गेला. संगीत दिले, ते चालू उपचाराला जोड म्हणून दिले.

दिल्लीच्या एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयात ध्यानाचा प्रयोग झाला. तो २०१८ साली छापला गेला. त्यात काचबिंदूचे ९० रुग्ण होते. त्यांचे दोन भाग केले. एका भागातल्या ४५ जणांना तीन आठवडे रोज सुमारे तासभर ध्यान करायला शिकवले. दुसऱ्या भागातल्या ४५ जणांना ते दिले नाही. ध्यान करणाऱ्यांच्या डोळ्यांतला दाब सरासरी १९ च्या आसपास होता, तो १३ च्या आसपास आला. त्यांच्या रक्तातले कॉर्टिसॉलही कमी झाले.

तुम्ही म्हणाल, "बघा! मग खरंच की!"

पण पुढचे ऐका. ध्यान करणाऱ्या या रुग्णांचे औषध सुटलेले नव्हते. ध्यान त्याला जोड होते. प्रयोग तीन आठवड्यांचा होता. काचबिंदूची सोबत तर जन्मभराची असते. शिवाय ते ध्यान होते. शिकवणारा समोर बसून, श्वासाकडे लक्ष देऊन, रोज तासभर केलेले. नुसते गाणे लावून ठेवणे म्हणजे ते नव्हे.

संगीताचा आणखी एक उपयोग चांगला दिसून आला आहे. तो म्हणजे भीती घालवणे. डोळ्याची शस्त्रक्रिया म्हटली, की कोणाच्याही पोटात गोळा येतो. फ्रान्समध्ये मोतीबिंदूच्या सुमारे ३०० रुग्णांवर प्रयोग झाला. तो २०२१ साली छापला गेला. काहींना शस्त्रक्रियेच्या आधी २० मिनिटे त्यांच्या आवडीचे संगीत ऐकवले. काहींना कानाला यंत्र लावले, पण संगीत दिले नाही. संगीत ऐकणाऱ्यांत रक्तदाब चढण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला. त्यांची काळजीही कमी झाली.

तेव्हा आजवरच्या ज्ञानाचे सार असे आहे. शांत संगीताने मनाची काळजी कमी होते. डोळ्यांतल्या दाबाला त्याची थोडी मदत होऊ शकते. पण नुसत्या संगीताने काचबिंदू बरा झाला किंवा थांबला, असे कोठेही सिद्ध झालेले नाही. बैलगाडीच्या बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ असते. तिने वाट सुखाची होते. पण गाडी ओढतात ते बैल. थेंब हे बैल समजा आणि गाणे ही घुंगुरमाळ समजा.

गाणे कसे ऐकावे?

मदत होत असेल, तर ती का घेऊ नये? जरूर घ्यावी. खर्च नाही आणि कोणाची परवानगीही नको.

कोणते संगीत ऐकावे? जे तुम्हाला आवडते आणि ज्याने मन शांत होते, ते. सोलापूर हे चार भाषांचे गाव आहे. मराठी माणसाला अभंग आवडेल. कन्नड बोलणाऱ्याला वचने आवडतील. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात कन्नडमध्ये वचने रचली, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तेलुगू बोलणाऱ्या विणकराला किंवा विडी वळणाऱ्या बाईला आपल्या भाषेतले गाणे गोड लागेल. उर्दू बोलणाऱ्याला कव्वाली किंवा नात. अमुक रागानेच दाब उतरतो, तमुक ध्वनीनेच शीर सुधारते, असे कोणी पैसे घेऊन सांगू लागला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

सकाळी किंवा संध्याकाळी वीस-तीस मिनिटे काढा. खुर्चीत किंवा भिंतीला टेकून आरामात बसा. डोळे मिटा. आवाज हलका ठेवा. श्वास संथ घ्या. झोपून ऐकायचे असेल, तर उताणे झोपा आणि डोक्याखाली उशी घ्या. पालथे झोपून उशीत डोळा दाबू नका.

एक गोष्ट मात्र टाळा. मन शांत व्हावे म्हणून काही जण योगासने करतात. ती चांगलीच. पण काचबिंदूवाल्याने शीर्षासन करू नये. २००६ साली छापलेल्या चेन्नईच्या एका अभ्यासात असे दिसले, की शीर्षासनात डोळ्यांतला दाब जवळजवळ दुप्पट होतो. डोके खाली आणि पाय वर अशी आसने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

गाण्याचे घड्याळ

गाण्याचा आणखी एक उपयोग आम्ही सांगतो. तो अगदी व्यवहाराचा आहे.

थेंब चुकतात ते मुद्दाम नव्हे. विसरून चुकतात. शेतावर घाई असते. घरात पाहुणे असतात. म्हणून थेंबांची वेळ गाण्याच्या वेळेला बांधून टाका. संध्याकाळी देवापुढे दिवा लागला, हरिपाठ सुरू व्हायचा, की त्याच्या आधी थेंब. किंवा रेडिओवर सकाळची भक्तिगीते लागली, की थेंब. रोज त्याच वेळी. मग गाणेच तुम्हाला आठवण करून देईल.

थेंब घालण्याची रीतही नीट शिकून घ्या.

आधी हात धुवा. मान मागे टाका. खालची पापणी बोटाने जरा खाली ओढा. तिथे एकच थेंब टाका. बाटलीचे तोंड डोळ्याला लावू नका. मग डोळा अलगद मिटा. नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरा. दोन मिनिटे तसेच बसा. त्यामुळे औषध नाकात उतरत नाही, डोळ्यातच राहते.

दोन प्रकारचे थेंब असतील, तर लगेच दुसरा टाकू नका. पहिला वाहून जाईल. मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्या. घरात घड्याळ नसले, तरी अडत नाही. डोळे मिटून एक मोठा अभंग सावकाश, ध्रुपद घोळवत म्हणा. किंवा रेडिओवरची दोन गाणी ऐका. तोवर पाच मिनिटे होतात. मग दुसरा थेंब टाका.

बाटली फोडली, की तिच्यावर तारीख लिहा. आता तुम्हाला लिहिता येते! बहुतेक बाटल्या फोडल्यावर एक महिन्याने टाकून द्याव्या लागतात. शेजाऱ्याचे थेंब आपल्या डोळ्यात घालू नका. दम्याचा त्रास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. काचबिंदूचे काही थेंब दमेकऱ्याला बाधतात.

आणि मेडिकलच्या दुकानातून "डोळा लाल झालाय, काही तरी द्या" म्हणून थेंब आणू नका. त्यात स्टिरॉईड असले, तर कळत नकळत दाब वाढतो.

फुंकून वाजवणाऱ्यांनी हे वाचावे

गाणे ऐकणाऱ्यांचे झाले. आता वाजवणाऱ्यांसाठी दोन शब्द.

सोलापूरला सुंदरी नावाचे वाद्य आहे. ते सनईच्या जातीचे, पण तिच्याहून लहान. सोलापूरच्या जाधव घराण्याने ते नावारूपाला आणले. पंडित सिद्राम जाधव यांची सुंदरी दूरवर गाजली. आपल्याकडे गावोगाव सनईवाले आहेत, तुतारी व शिंग फुंकणारे आहेत. लग्नसराईत ते तासन्‌तास वाजवतात.

सनईच्या तोंडाला बारीक पत्ती असते. तिच्यातून वारा काढायचा, तर गाल फुगवून जोर लावावा लागतो. असा जोर लावला, की डोळ्यांतला दाब वाढतो. वाजवणे थांबले, की तो उतरतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचा अभ्यास केला. तो २००० साली छापला गेला. तुतारीच्या जातीचा ट्रम्पेट आणि सनईच्या जातीचा ओबो अशी जोराने फुंकायची वाद्ये त्यांनी पाहिली. वाजवताना डोळ्यांतला दाब चढतो, असे त्यांना आढळले. ज्यांनी आयुष्यात फार तास अशी वाद्ये वाजवली, त्यांच्यातल्या काहींच्या कडेच्या नजरेत थोडा फरकही आढळला.

याचा अर्थ सनई सोडून द्या, असा नव्हे. ते पोटाचे साधन आहे, आणि कलाही आहे. पण फुंकून वाजवणाऱ्याने चाळिशीनंतर डोळे नेमाने तपासावेत. काचबिंदू निघाला, तर डॉक्टरांना न लाजता सांगावे, "मी सनई वाजवतो." किती वेळ वाजवायचे, मध्ये किती थांबायचे, ते त्यांना विचारावे. टाळ, तबला, पेटी, एकतारी यांना असा जोर लावून फुंकावे लागत नाही.

एकदम दुखले, तर गाणे नको, गाडी हवी

काचबिंदूचा एक प्रकार चोरासारखा येत नाही. तो दरोडेखोरासारखा येतो.

डोळा एकाएकी फार दुखू लागतो. लाल होतो. अंधुक दिसते. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. डोके ठणकते. उलट्या होतात. उलट्या पाहून घरचे म्हणतात, पित्त झाले. मग लिंबू-पाणी देतात. डोक्याला पट्टी बांधतात. "गाणे लावा, जरा पडू द्या," असेही कोणी म्हणेल.

तसे करू नका. या प्रकारात पाण्याची वाट एकदम बंद झालेली असते. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत नजर जाऊ शकते. रात्र असली, तरी गाडी करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. वेळेवर औषध व लेसर मिळाले, तर डोळा वाचू शकतो.

कोणी तपासून घ्यावे? कोठे?

चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने डोळ्यांची तपासणी करून घ्यावी. ज्याच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावाबहिणींना काचबिंदू आहे, त्याला जास्त धोका असतो. त्याने तर टाळूच नये. मधुमेह असलेल्यांनी, दमा किंवा सांधेदुखीसाठी बरेच दिवस स्टिरॉईड घेणाऱ्यांनी आणि डोळ्याला जबर मार लागलेल्यांनीही तपासावे.

नुसता चष्म्याचा नंबर काढून घरी येऊ नका. डॉक्टरांना सांगा, "दाब मोजा आणि मागची शीर पाहा."

सोलापूर शहरात सरकारी मोठे रुग्णालय आहे. लोक त्याला "सिव्हिल" म्हणतात. १९६३ साली निघालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. तेथे डोळ्यांचा विभाग आहे. अंधत्व टाळण्यासाठी सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रमही १९७६ सालापासून चालू आहे. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. कोठे जायचे, ते त्या सांगतील.

कडेची नजर तपासायची एक रीत आहे. एका डोळ्यावर पट्टी लावतात आणि यंत्रासमोर बसवतात. आत बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला, की बटण दाबायचे. नवखा माणूस इथे गांगरतो. "चुकलं तर?" असे त्याला वाटते. घाबरू नका. ही परीक्षा नव्हे. नापास कोणी करत नाही. आत जाण्याआधी बाकावर बसून मनातल्या मनात आवडीचे गाणे म्हणा. मन ठिकाणावर आले, की बटणही नीट दाबले जाते. गाण्याचा उपयोग तो असा.

ज्याच्या घरी काचबिंदूचा माणूस आहे, त्याने आणखी एक करावे. अशा माणसाच्या मनात सारखी भीती असते. "मी आंधळा होईन का? मग मला कोण बघेल?" तो बोलून दाखवत नाही. त्याला भजनाला घेऊन जा. कडेचे दिसत नसेल, तर हात धरून न्या. वाटेत दगड, पायरी आली की सांगा. चार माणसांत बसून त्याने टाळ धरला, की एकटेपणा कमी होतो. निघताना मात्र विचारा, "थेंब घातले का?"

ध्यानात ठेवा

१. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखता येते.

२. थेंब, लेसर, शस्त्रक्रिया हे उपचार आहेत. संगीत ही त्यांना जोड आहे.

३. गाणे ऐकून बरे वाटले, म्हणजे दाब उतरला असे समजू नका. दाब यंत्रानेच कळतो.

४. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही थेंब बंद करू नका. पैशाची अडचण असेल, तर तेही मोकळेपणी सांगा. काही वेळा स्वस्त औषध लिहून देता येते.

५. डोळा एकाएकी दुखला, लाल झाला, उलट्या झाल्या, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

वाचून झाल्यावर वर्गात बोला

मोतीबिंदू आणि काचबिंदू यांत काय फरक आहे?

काचबिंदूवाल्याला कित्येक वर्षे काही का कळत नाही?

दोन थेंबांमध्ये किती वेळ जाऊ द्यावा? तो वेळ तुम्ही कोणत्या गाण्याने मोजाल?

तुमच्या घरात चाळीस वर्षांवरची माणसे किती? त्यांची नावे वहीत लिहा. ज्याचे डोळे अजून तपासलेले नाहीत, त्याच्या नावापुढे फुली करा. ती वही पुढच्या बाजारच्या दिवशी सोबत घ्या.